मदत हवी आहे: झेनएअर सीएच ७०१ टाकलं पण विमान दिसतच नाही

पुसदचा_पायलट
नमस्कार मंडळी, कालपासून डोकं खराब करून राहिलो. पीसीवरच्या विमान उडवायच्या गेमसाठी झेनएअर सीएच ७०१ या छोट्या विमानाचं फ्रीवेअर (फुकटची फाइल) मिळालं, झिप उघडली, फोल्डर जिथं टाकायचं तिथं टाकलं, सगळं बरोबर केलं तरी विमान दिसत नाही. पीसी बंद-चालू करून पाहिला. उद्या मामा येऊन राहिले, एनसीसीत असताना ते याच विमानात बसले होते, त्यांना दाखवायचंच आहे. सकाळी आमच्याकडे लाइन राहत नाही, म्हणून आज रात्रीच पाहिजे. माहीत असेल त्यानं पटकन सांगा, नुसत्या लिंका टाकू नका.

गोंदिया_एटीसी
कोणतं सिम, म्हणजे उड्डाणाचा कोणता गेम? एफएसएक्स (मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स), त्याच्या आधीचा २००४, एक्स-प्लेन, फ्लाइटगिअर? प्रत्येकाचं फोल्डर वेगळं, "जिथं टाकायचं तिथं" यातून काय समजायचं?

वरुडचा_बाप्पू
भाऊ मले हाच तरास झाला होता. झिप उघडली का फोल्डरात फोल्डर तयार होते, अन् आपन भायेरचा उचलून टाकतो, मंग सिमले आतली फाइल सापडतच नाही. एअरक्राफ्ट डॉट सीएफजी, म्हंजे विमानाच्या सेटिंगची फाइल, हे पहिल्याच फोल्डरात पाह्यजे, मॉडेल, पॅनल, साउंड, टेक्श्चर याच्या बाजूले. दुसरं म्हंजे विंडोज शेपूट लपवते, नोटपॅडात उघडून सेव्ह केली तं नाव सीएफजी दिसते पन खरं राह्यते सीएफजी डॉट टीएक्सटी. व्ह्यू मंदी जाऊन एक्स्टेन्शन दाखव म्हना. तिसरं, फाइलीत विमानाच्या एकेका रंगाले एफएलटीसिम डॉट ०, १, २ असे नंबर राह्यतात, मंदातला एक गाळला तं त्याच्या पुढचे रंग लिस्टमंदी येतच नाही. हे तीन करून पाह्य, शंभर टक्के येते.

मिहान_स्पॉटर
जुन्या सिमवर कशाला वेळ घालवतोस भावा, मायक्रोसॉफ्टचंच २०२० वालं सिम घे. कम्युनिटी फोल्डरमध्ये टाकलं की झालं. वरून पाहिलं तर खरा अंबाझरी तलाव दिसतो.

पुसदचा_पायलट
एफएसएक्स आहे, स्टीम या ऑनलाइन दुकानातून घेतलेलं. सिमऑब्जेक्ट्सच्या एअरप्लेन्समध्ये टाकलंय. बाप्पू, तुमचे तिन्ही पाहिले, तिन्ही बरोबर आहेत. अन् २०२० चं कृपा करून कोणी सांगू नका, माझा पीसी जुना आय-थ्री आहे आणि नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, दिवसाचा दीड जीबी, ते सिम तर जमिनीचं चित्रसुद्धा उडता उडता नेटवरून ओढतं.

मुक्त_स्रोत_अकोला
मग फ्लाइटगिअर का नाही? पूर्ण फुकट, स्रोत खुला, विमानं त्यांच्याच हँगरमधून, म्हणजे विमानांच्या साठ्यातून, लाँचरमध्ये उतरवायची. ज्या सिमचं काम केव्हाच थांबलंय त्याच्यासाठी रात्र जागायची काही गरज नाही.

गोंदिया_एटीसी
त्याने विचारलंय काय अन् तू सांगतोस काय? एफएसएक्सचं विमान फ्लाइटगिअरमध्ये जसंच्या तसं उघडत नाही. फाइलींची मांडणी वेगळी, उड्डाणाचं गणितही वेगळं. उद्या सकाळपर्यंत त्याने सगळं नव्याने शिकायचं का?

मुक्त_स्रोत_अकोला
आज शिकला तर पुढची सगळी वर्षं कामाला येईल. फ्लाइटगिअरमध्ये उड्डाणाचं गणित करणाऱ्या जेएसबीसिमची फाइल उघडून वाचता येते, एखादा आकडा पटला नाही तर आपणच बदलायचा. बंद खोक्यात सगळंच असं उघडून बघता येत नाही.

मोर्शीचे_सर
दोघंही थांबा जरा. पायलट, एक सांग, दिसत नाही म्हणजे नेमकं कुठे? यादीत नाव येत नाही, की रनवेवर विमान दिसत नाही?

पुसदचा_पायलट
अहो सर यादीत आहेच! नाव येतं, निवडलं की नागपूरच्या रनवेवर इंजिनचा आवाज येतो, थ्रॉटल दिलं की वेग वाढतो, उडतंसुद्धा. पण बाहेरून पाहिलं की नुसता रनवे, विमान गायब. आत पॅनल दिसतं, त्यातही दोन घड्याळांच्या जागी काळी भोकं आहेत.

मोर्शीचे_सर
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं होतं बाळा. झिपमधली रीडमी उघड, २००४ साठी बनवलंय असं लिहिलंय का बघ. आणि सेटिंगमध्ये डायरेक्टएक्स १० (चित्र काढायची विंडोजची पद्धत) च्या प्रिव्ह्यूवर टिक आहे का?

पुसदचा_पायलट
हो २००४ च लिहिलंय. टिक पण आहे, पाणी चांगलं दिसतं म्हणून केली होती.

मोर्शीचे_सर
तिथेच घोळ आहे. एफएसएक्स २००६ चं. डायरेक्टएक्स १० चा प्रिव्ह्यू नंतर २००७ मध्ये जोडला आणि अर्धवटच सोडला. २००४ च्या पद्धतीने बनवलेली मॉडेलं त्यात नीट काढली जात नाहीत, काही पांढरीफटक दिसतात, काही दिसतच नाहीत. उड्डाणाचं गणित सीएफजी आणि एअर फाइलमधून चालतं म्हणून आवाज, वेग सगळं ठीक. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ग्राफिक्सच्या पानावरची ती टिक काढ, सिम पूर्ण बंद करून परत सुरू कर.
भोकांचं वेगळं आहे. झिपमध्ये गेजेस (पॅनलवरची घड्याळं) नावाचं फोल्डर असेल, त्यातल्या जीएयू किंवा कॅब फाइली सिमच्या मुख्य गेजेस फोल्डरात जायला पाहिजेत.

जुना_कॅडेट_वर्धा
झेनएअरचं नाव वाचून राहवलं नाही. एनसीसीच्या एअर विंगकडे हेच मायक्रोलाइट (अगदी हलकं विमान) होतं, आता व्हायरस एसडब्ल्यू ८० नावाचं विमान आहे. मी मागे याच झेनएअरमध्ये उडलोय. दोन सीटच्या मधोमध एकच काठी, वर दोन फाटे, एक तुझ्या हातात, एक इन्स्ट्रक्टरच्या. पंखाच्या पुढच्या कडेला पक्की बसवलेली पट्टी असते, तिच्यामुळे ताशी ३० मैलांपर्यंत खाली आलं तरी ते हवेत राहतं. शेपटीवरचा उभा रडर, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणारा भाग, अख्खाच्या अख्खा फिरतो. पायाने जरा जास्त दाबलं की नाक लगेच वळायचं, इन्स्ट्रक्टर ओरडायचे. फ्रीवेअरवाल्याने ते बरोबर उतरवलंय का हे मला जाणून घ्यायचंय, ऑटोरडर (रडर आपोआप हलवायची सोय) बंद करून उडव.
आणि टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या घड्याळावर, ५००० च्या वर आकडा दिसला तर तो बरोबरच आहे. याच्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला मध्ये गिअरबॉक्स असतो, प्रोपेलर त्याच्या निम्म्याहूनही कमी फिरतो.

कापूसवाला_दारव्हा
हे विमान किटमध्ये येतं म्हणतात, पत्रे अन् रिव्हेट घरी आणून जोडायचे. भारतात मागवता येतं का? आमच्या वावराच्या बाजूला सरळ लांब पट्टी आहे. त्या मुंबईच्या अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधलंच ना.

मिहान_स्पॉटर
त्यांचं किट नव्हतं, स्वतःचं डिझाइन होतं, सहा सीटचं. २०१६ च्या मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ठेवलं होतं, नोंदणी २०१७ मध्ये झाली. बांधण्यापेक्षा कागदपत्रांना जास्त ताकद लागली त्या माणसाची. वावरातल्या पट्टीचा वेगळा धागा काढा भाऊ.

पुसदचा_पायलट
सर दिसलं!!! पिवळं आहे, दाराच्या काचेतून आतली सीटसुद्धा दिसते. एक घड्याळ आलं, दुसरं अजून काळंच. त्याची जीएयू फाइल टाकली की थोड्या वेळानं आपोआप गायब होते.

वरुडचा_बाप्पू
अँटीव्हायरस खाऊन राह्यला ते. क्वारंटाइन उघडून पाह्य.

मोर्शीचे_सर
बाप्पू बरोबर सांगतात. आधी त्या फाइलीवर वेगळं स्कॅन करून घे, नुसता अँटीव्हायरस बंद करू नकोस. स्वच्छ निघाली तरच परत आण आणि गेजेस फोल्डर अँटीव्हायरसच्या अपवादात टाक. सिम सुरू होताना या गेजवर विश्वास ठेवायचा का असं विचारेल, तिथे हो म्हण. नाही म्हटलं असशील तर ते एफएसएक्स डॉट सीएफजीमध्ये लिहून ठेवलेलं असतं, ट्रस्टेडच्या खाली त्या गेजच्या नावाची ओळ काढून टाक, म्हणजे परत विचारेल.

पुसदचा_पायलट
क्वारंटाइनमध्येच होती. स्कॅन केली, काही निघालं नाही. आता उंचीचं घड्याळ पण आलं, रनवेवर उभं असताना हजार फुटाच्या जरा वर दाखवून राहिलं.

जुना_कॅडेट_वर्धा
नागपूरचं तेवढंच आहे, समुद्रसपाटीपासून. बरोबर आहे घड्याळ. मामा कोणत्या बॅचचे ते विचारून इथे लिही, आणि रडरचं विसरू नको.