आईच्या डोळ्यात बीटाडीन घातलं, चालतं का?

प्रश्न (कळवा):
आईला मधुमेहामुळे पडद्याला सूज आहे, डोळ्यात इंजेक्शनं चालू आहेत. काल इंजेक्शनआधी तपकिरी औषध थेट डोळ्यात घातलं. रात्रभर वाळू गेल्यासारखं टोचत होतं, बिचारी झोपलीच नाही. जखमेवरचं औषध डोळ्यात कसं चालेल?

उत्तर (वाशी, डोळ्यांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स):
ताई, ते पोव्हिडोन आयोडीनच, म्हणजे बीटाडीनमधलं जंतुनाशक, पण डोळ्यासाठी सहसा ५ टक्क्यांचं. पापण्यांवरचे जंतू सुईबरोबर आत गेले तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून ते टाळू नका. टोचणं त्याचंच, कॉर्नियाचा (बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा) वरचा थर दुखावतो, एक-दोन दिवसांत भरतो. पुढच्या वेळी शेवटी डोळा नीट धुऊन द्यायला सांगा, खूप फरक पडतो. अगदीच सोसत नसेल तर पाण्यातलं सौम्य क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशकही वापरतात, पण ते डॉक्टरच ठरवतील. घरची बीटाडीनची बाटली मात्र कधीच नको! हात धुवायच्या स्क्रबमधल्या साबणाने कॉर्नियाला इजा होते.

उत्तर (नौपाडा):
दुखणं वाढलं, नजर अंधुक झाली, तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

कळवा:
आज टोचणं कमी आहे, नजरही ठीक. धुण्याचं कालच कुणी सांगायला हवं होतं.