मदत हवी आहे : प्रार्थना करूनही आजार हटत नाही, मग भरवसा नेमका कशावर ठेवायचा?

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम.

माझ्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि डायलिसिस सुरू आहे. आजारपण आम्ही सोसतोय, पण लोकांचं बोलणं आता सोसवत नाही. आमच्या मंडळीतली (चर्चमधली) माणसं घरी येतात, प्रार्थना करतात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. पण त्यांच्यातल्याच एकांनी याकोबाच्या पत्रातलं पाचव्या अध्यायाचं वचन काढलं, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील, आणि म्हणाले, तुमचे मिस्टर उठत नाहीत म्हणजे घरात विश्वास कमी पडतोय. दुसरे म्हणाले, एखादं लपलेलं पाप असेल, ते शोधा. आता एकजण म्हणतायत की डायलिसिस बंद करून फक्त विश्वासाने उभे राहा.

मिस्टर मुळात अबोल. तेव्हापासून रात्री जागे राहून आपण कुठे चुकलो ते आठवत बसतात. मला ते बघवत नाही.

मला तीन गोष्टींसाठी मदत हवी आहे. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे ते बरे होणारच अशी खात्री बाळगायची का? मला तशी खात्री वाटत नाही आणि खोटं बोलायची इच्छा नाही. दुसरं, माझी प्रार्थना आटली आहे. गुडघे टेकते आणि शब्दच येत नाहीत. तिसरं, आमची मुलगी विचारते, "पप्पांसाठी मी रोज मागते, देवबाप ऐकत का नाही?" तिला काय सांगू?

एक विनंती. रोमकरांस पत्र 8:28, देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणकारक होतं, हे वचन मला पाठ आहे. नुसतं तेवढंच लिहू नका.

प्रतिसाद 1

ताई, आधी तातडीचं. डायलिसिस थांबवू नका, एक वेळही चुकवू नका. किडन्या काम करत नसतील तर पाणी, टाकाऊ घटक आणि पोटॅशियम रक्तात साठत जातं, आणि पोटॅशियम फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. कुणी कितीही आत्म्याने भरून बोलत असलं तरी हा सल्ला ऐकायचा नाही. प्रेषित पौलाच्या हातून रोगी बरे झाले होते. तरी तो आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि त्याच तीमथ्याला दुसऱ्या पत्राच्या शेवटी कळवतो की सोबती त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेत शहरात ठेवून आलो. त्रफिमाचा विश्वास कमी पडला असं तो कुठेही म्हणत नाही.

आता याकोबाचं वचन. ते 14 व्या ओवीपासून वाचा. आजारी माणसाने काय करायचं? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे तिथल्या जबाबदार ज्येष्ठांना, बोलवायचं, बस. तेल लावून प्रार्थना करायची ती वडिलांनी. विश्वासाची प्रार्थना तिथे त्यांच्यावर सोपवली आहे, अंथरुणावरच्या माणसाच्या विश्वासाचं माप कुणी काढलेलं नाही. ज्या वचनाने रोग्याला आधार द्यायचा त्याच वचनाने त्याला आरोपी करणं मला फार गंभीर वाटतं.

पापाबद्दल याकोब "जर" म्हणतो. त्याने पापे केली असतील तर क्षमा होईल, असं. प्रत्येक आजारामागे पाप शोधायला तो सांगत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला, कोणी पाप केलं, याने की याच्या आईबापांनी? प्रभूने दोन्ही नाकारलं (योहान 9). बुरूज कोसळून मेलेल्या 18 जणांबद्दलही त्याने विचारलं, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? (लूक 13).

आणि मिस्टरांना ईयोबाचा शेवटचा अध्याय वाचून दाखवा. ईयोब नीतिमान होता, तरी त्याची मुलं, संपत्ती आणि आरोग्य सगळं गेलं. मित्र आले तेव्हा सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढं त्यांनी चांगलं केलं. तोंड उघडल्यावर मात्र, तुझंच काहीतरी चुकलं असणार, हेच वेगवेगळ्या प्रकारे सांगत राहिले. ईयोब देवाशी भांडला, जन्माच्या दिवसाला शाप दिला, जाब विचारला. देवाने त्यालाही झापलं, पण 42:7 मध्ये राग निघाला तो अलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर: माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन बोलणाऱ्यांनाच ईयोबाच्या प्रार्थनेची गरज पडली!

प्रतिसाद 2

माझा मुलगा गेला तेव्हा माझीही प्रार्थना बंद पडली होती. मी स्तोत्र 88 मोठ्याने वाचायचे. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. माझे शब्द संपले तेव्हा ते उसने घेतले.

आणि मार्क 2 बघा. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलं. येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असं लिहिलंय. सध्या आम्हाला तुमची खाट उचलू द्या.

प्रतिसाद 3

पहिल्या प्रश्नाबद्दल. मूर्तीला नमत नाहीत म्हणून आगीच्या भट्टीत टाकायची धमकी मिळाली तेव्हा शद्रख, मेशख आणि अबेदनगो राजाला म्हणाले, आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, पण त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही (दानीएल 3). त्यांना देवाच्या सामर्थ्याची खात्री होती, निकालाची नव्हती. भरवसा म्हणजे मला तरी हेच वाटतं.

प्रेषितांची कृत्ये 12 वाचताना मला कायम अडखळायला होतं. एकाच अध्यायात हेरोद राजा याकोबाला (हा योहानाचा भाऊ, पत्र लिहिणारा याकोब नव्हे) तलवारीने मारतो आणि पेत्राला देवदूत तुरुंगातून बाहेर काढतो. याकोब का नाही, याचं उत्तर ते पुस्तक लिहिणारा लूक देत नाही. इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायातही तसंच. काही तलवारीच्या धारेपासून वाचले, काही तलवारीने मेले, आणि विश्वासाबद्दल नावाजले दोघांनाही.

म्हणून मागणं सोडू नका. प्रभूनेही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत आधी स्पष्ट मागितलं, हा प्याला माझ्यापासून टळून जावो, आणि मग स्वतःला बापाच्या इच्छेवर सोपवलं. मला स्वतःला कायमचं दुखणं आहे. पौलाने शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवलं आणि कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं. ते उत्तर मला पहिल्यांदा पुरेसं वाटलं नव्हतं, आजही काही दिवशी वाटत नाही. तरी दुसरीकडे कुठे जावं असंही वाटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. वचन 14 पासून वाचायचं मला सुचलंच नव्हतं. मिस्टरांना ते आणि ईयोब 42 दोन्ही वाचून दाखवलं. 42:7 त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावलं.

डायलिसिस सुरूच राहील. घरी येऊन असं बोलणाऱ्यांबद्दल पाळकांशी मीच बोलणार आहे. तेल लावून प्रार्थना करायला मंडळीच्या वडिलांना रीतसर बोलवायचंही ठरवलंय.

मुलीचं मात्र राहिलंय. ऐकतो पण "नाही" म्हणतो, असं सांगितलं तर ती देवावर रुसेल अशी भीती वाटते. ज्यांनी लहान मुलांशी याबद्दल बोललंय त्यांनी लिहा.

प्रतिसाद 4

रुसू द्या, ताई. स्तोत्र 13 मध्ये दावीदही "कोठवर?" असं विचारतोच. आमच्या मुलाला मी सांगितलं होतं, "का ते मला माहीत नाही, पण मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशू रडला, त्याला उठवणार हे माहीत असूनसुद्धा." मग तो आजोबांसाठी काय वाटतं ते देवाला जसंच्या तसं सांगायला लागला, रागासकट. तिला मागायचं थांबवायला सांगू नका, आणि पप्पा नक्की बरे होतील असं वचनही देऊ नका. तिच्यासोबत बसून तुम्हीही मागा. शब्द नसतील तर तिचेच म्हणा.