पहिला बोर्ड कुठला घेऊ, रास्पबेरी पाय की अजून काही?

नवशिका_०७:
मंडळी, कुंड्यांना आपोआप पाणी घालायचा प्रोजेक्ट करायचाय. मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर, एक छोटा पंप, रीडिंग फोनवर दिसायला हवीत आणि पुढेमागे कॅमेरा लावून झाडाचा रोज एक फोटो काढायचा असं डोक्यात आहे. पायथन थोडंफार येतं, सोल्डरिंग नुकतंच शिकलोय. सरळ रास्पबेरी पाय ५ (छोटा कॉम्प्युटर बोर्ड) घेऊ की त्यातलाच लहान झिरो २ डब्ल्यू पुरेल? ऑरेंज पाय (तसाच दुसऱ्या कंपनीचा बोर्ड) पण कागदावर तर भारी वाटतोय.

खटपट्या:
भाऊ, पाय ५ ची ह्या कामाला गरजच नाही. मातीचा सेन्सर अ‍ॅनालॉग व्होल्टेज देतो आणि पायच्या लिनक्सवाल्या कुठल्याच बोर्डला अ‍ॅनालॉग इनपुट नसतो, म्हणजे एमसीपी३००८ सारखी अ‍ॅनालॉगचं डिजिटल करणारी चिप वेगळी लावत बसायचं. त्यापेक्षा ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड घे, एडीसी (अ‍ॅनालॉग व्होल्टेज मोजणारा भाग) आणि वायफाय दोन्ही आतच, मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) पण चालतं. फक्त सेन्सर जीपीआयओ (इनपुट-आउटपुट पिन) ३२ ते ३९ मधल्या पिनवरच जोड, आतल्या दोन एडीसींपैकी ते एडीसी१ चे. वायफाय चालू असताना एडीसी२ नीट वाचता येत नाही आणि हे माहीत नसलं की माणूस उगाच कोडमध्ये चूक शोधत बसतो.

सर्किटवाली:
+१, पण कॅमेऱ्यासाठी झिरो २ डब्ल्यू नंतर घ्याच, ५१२ एमबी रॅम रोजच्या एका फोटोला भरपूर झाली. पाणी घालायचं काम मात्र ईएसपीकडेच ठेवा आणि रीडिंग एमक्यूटीटीने (नेटवर्कवरून छोटे मेसेज पाठवायची पद्धत) पायला पाठवा. लिनक्सवाला बोर्ड अपडेटमध्ये अडकतो, अचानक वीज गेली तर एसडी कार्ड करप्ट होऊ शकतं, आणि नेमका पंप चालू असताना बोर्ड हँग झाला तर टाकी रिकामी होईपर्यंत पाणी वाहत राहणार. म्हणून ईएसपीवर पण वॉचडॉग टायमर (बोर्ड हँग झाला की आपोआप रीसेट करणारा) लावाच लावा, बोर्ड रीसेट झाल्यावर पंप बंदच राहील असं बघा.

नवशिका_०७:
हे एकदम पटलं. सेन्सर ५ व्होल्टवर चालवला तर चालेल का? आणि ऑरेंज पायचं काय?

रेझिस्टर:
३.३ वरच चालवा. पाय काय किंवा ईएसपी३२ काय, दोघांच्या पिन ३.३ व्होल्टच्या, थेट ५ दिले तर पिन जळू शकते, कधीकधी अख्खा बोर्ड जातो. आणि सेन्सर कपॅसिटिव्हच (धातू झाकलेला असतो तो) घ्या, दोन उघड्या पट्ट्यांवाला ओल्या मातीत गंजतो आणि मग रीडिंग भरकटत जातं. ऑरेंज पायचं हार्डवेअर चांगलंय पण पहिल्याच बोर्डला कॅमेरा, ड्रायव्हर, कर्नल (लिनक्सचा गाभा) ह्यात अडकाल, पायला निदान अडलं तर उत्तर लगेच सापडतं.

नवशिका_०७:
मग आधी ईएसपी आणि कपॅसिटिव्ह सेन्सर, झिरो नंतर. पंप पिनवरून थेट चालेल ना?

खटपट्या:
अजिबात नको, पिन तेवढा करंट देऊच शकत नाही. मधे लॉजिक लेव्हल मॉस्फेट (पिनच्या कमी व्होल्टवर चालू होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) टाक, आयआरएलझेड४४एन छोट्या पंपाला चालून जातो. आयआरएफ५२० घेऊ नकोस, ३.३ व्होल्टवर तो पुरता ऑन होत नाही. पंपाला उलटा डायोड लाव (पंप बंद होताना येणारा व्होल्टेजचा झटका थांबवायला), सप्लाय वेगळा दे, ग्राउंड मात्र कॉमन ठेव.