मदत हवी आहे: हिमस्खलनाची एअरबॅग बॅग, गॅसची की पंख्याची? (मुक्काम सोलापूर, स्नोबोर्डिंग गुलमर्गला)

नमस्कार मंडळी,

सोलापुरात बसून हिमस्खलनाच्या बॅगेची चौकशी करतोय म्हणून आधी हसून घ्या. पण हिवाळ्यात गुलमर्गला स्नोबोर्ड घेऊन जायचं वेड लागलंय, आणि आता गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून, म्हणजे अफरवटच्या डोंगरावर ३,९०० मीटरच्या वरून, दोरीने आखलेल्या हद्दीपलीकडच्या उतारांवर जायला लागलोय. त्या बाजूला फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात दगावले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. दुसरी बातमी नेमकी बायकोने वाचली. ती फुगणारी बॅग घे, नाहीतर यंदापासून महाबळेश्वर, असा निकाल घरी लागलाय.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा माग लावणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं आहे, सरावही आहे, सोबतचेही तिन्ही घेऊन असतात. त्यामुळे 'आधी ते घ्या' हा सल्ला कृपया नको.

बॅग कशी काम करते ते समजलंय. चिवड्याचा डबा हलवला की शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वर येतात, चुरा तळाला जातो. वाहत्या बर्फातही आकाराने मोठी वस्तू वर राहते. हँडल ओढलं की दीडशे लिटरच्या आसपासचा फुगा काही सेकंदांत फुगतो आणि माणूस 'मोठा' होतो. इथवर ठीक. घोडं अडलंय ते निवडीपाशी: फुगा दाबाच्या सिलिंडरने फुगवणारी घ्यायची की विजेच्या पंख्याने फुगवणारी?

गॅसची बॅग हलकी आणि त्यातल्या त्यात स्वस्त. पण सिलिंडर एकदा वापरून रिकामा झाला की भरायचा कुठे? सोलापुरात ऑक्सिजनवाले आहेत, वेल्डिंगवाले आहेत, उच्च दाबाची कोरडी हवा भरून देणारा कुणी माहीत नाही. शिवाय आमचं घर वर, शिलाईचं युनिट खाली, दोन्हीवर पत्रा. मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो तेव्हा भरलेला सिलिंडर कपाटात ठेवायचा का? पंख्याच्या बॅगेत ही भानगड नाही, पण किंमत हजार युरोच्या घरात, वर कस्टम ड्युटी, आणि रिकामी बॅगच अडीच-तीन किलो.

माझी उंची पाच फूट तीन इंच, वजन ५८. सामान फार नसतं: प्रोब-फावडं, पाणी, एक जाड जॅकेट, थोडी शेंगापोळी. वीस-पंचवीस लिटर बस्स होईल ना? आणि एक धंद्यातला प्रश्न. आम्ही शाळेचे गणवेश शिवतो, मशीन हाताशी आहेत. सेकंडहँड बॅग घेऊन पट्टे आखूड करून घेतले तर चालेल का?

— एमएच१३वाला

प्रतिसाद १

एमएच१३, पंख्याची घ्या. वजन किंवा विमान हे त्याचं मुख्य कारण नाही, सराव हे आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात स्खलनात गंभीरपणे सापडलेल्यांपैकी फुगा न फुगलेल्यांत मृत्यू २२ टक्के होते, फुगलेल्यांत ११. पण बॅग पाठीवर असूनही दर पाचांत एकाचा फुगा उघडलाच नव्हता, आणि त्यात सगळ्यात मोठं कारण म्हणजे माणसाकडूनच हँडल ओढलं गेलं नव्हतं. गॅसच्या बॅगेत प्रत्येक सरावाला सिलिंडर लागतो, म्हणून लोक सरावच करत नाहीत. पंख्याची बॅग गच्चीवर हातमोजे घालून, डोळे मिटून, लोळत पडून ओढा. फुगा घडी करून परत भरा, चार्ज करा, पुन्हा ओढा. शेजारी बघतील, बघू देत.

पंख्यातही दोन जाती. लिथियम बॅटरीवाल्या आणि सुपरकपॅसिटरवाल्या (बॅटरीऐवजी वीज साठवणारा भाग). अल्पराइड कंपनीची यंत्रणा दुसऱ्या जातीची आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बॅगांत बसवलेली मिळते. कपॅसिटर थंडीत लिथियमइतका मलूल होत नाही आणि विमानात बॅटरीचा वाद उरत नाही. गॅसच्या बॅगेला आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे माणशी एक अशी मुभा आहे, पण विमान कंपनीची आगाऊ मंजुरी लागते. श्रीनगरला तपासणी कडक असते, कुठलीही बॅग असो, माहितीपत्रक छापून वरच्या कप्प्यात ठेवा.

तरीही गॅसचीच घेणार असाल तर तापमानाचं गणित ध्यानात ठेवा. ४० अंशांत २०० बारपर्यंत भरलेला सिलिंडर उणे १५ मध्ये १६५ च्या आसपास दाखवतो. गळती नसते ती, हवा आकसते. दाब तिथल्या थंडीत सकाळी बघायचा, सोलापुरात निघताना नव्हे. उन्हाळ्यात पत्र्याखाली भरलेला सिलिंडर नकोच. भरण्यासाठी मालवण-तारकर्लीच्या स्कूबावाल्यांकडे काँप्रेसर असतात, पण तुमच्या सिलिंडरचा जोड त्यांना बसेलच असं नाही.

पट्ट्यांबद्दल: खांद्याचे पट्टे, कंबरपट्टा आणि मांड्यांमधून येणारा पट्टा यांना मशीन लावू नका. झटका त्यांच्यावर येतो. मांडीचा पट्टा लोक कंटाळून लावत नाहीत, मग फुगा वर जातो आणि बॅग अंगातून निघून जाते. फुग्याच्या कप्प्याची चेन दाबाने आपोआप उसवावी अशीच बनवलेली असते, तिला टाका घातलात तर बॅग बाद. तुमच्या उंचीला एस-एम (स्मॉल-मीडियम) पाठीची घ्या. बोर्ड उभा बांधता येतो का, आणि बांधलेला असताना फुगा मोकळा उघडतो का, हे दुकानातच बघा.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, एक भर. अफरवटच्या खालच्या भागात झाडं लागतात. खोडावर आपटलात तर फुगा फारसं काही करत नाही. घळीत सापडलात, किंवा थांबलेले असताना वरून बर्फ आला, तरीही तो वर आणेल याची खात्री नाही. वर यायला वाहतं अंतर लागतं. शिवाय स्नोबोर्ड पायातून सुटत नाही, तो खाली ओढतो. बॅग आली म्हणून उतार बदलू नका अण्णा, वहिनींनाही हे सांगा.

एमएच१३वाला

दोघांचेही आभार. सुपरकपॅसिटरवालीच घेतो, शिलाईचा बेत रद्द. झाडांचं घरी सांगितलं, महाबळेश्वरचा विषय पुन्हा निघालाय. आता एकच: पुण्या-मुंबईत कुणाकडे एस-एम मापाची असेल तर दहा मिनिटं पाठीवर घालून बघता येईल का? हँडलची बाजू बदलता येणारी असेल तर उत्तम, मी डावखुरा आहे. रविवारी कधीही येतो, येताना शेंगा चटणी आणतो.