राजगिरा फक्त उपासापुरता नाही
एका ताईंनी लिहिलंय की न्यूट्रिशन शिकणाऱ्या मुलींना किनोआ (दक्षिण अमेरिकेतलं धान्यासारखं खाल्लं जाणारं बी) माहितीये पण राजगिरा कशात मोडतो ते सांगता येत नाही, अगदी पटलं. माझ्या मते गोंधळ उपासाच्या ताटातूनच सुरू होतो, कारण भगर आणि राजगिरा दोन्ही उपासाला चालतात म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात, पण भगर गवत कुळातली म्हणजे खरं मिलेट (भरडधान्य) आणि राजगिरा पालेभाजीच्या कुळातला, त्याचं फक्त बी आपण धान्यासारखं खातो. कुट्टूचंही (बकव्हीट) तेच, कूळ वेगळं, पण तोही गवतातला नाही. त्यात 2018 ला केंद्र सरकारने ज्वारी-बाजरीबरोबर राजगिरा आणि कुट्टूही पौष्टिक धान्यांच्या यादीत घातले, ते प्रोत्साहनासाठी ठीकच, पण विद्यार्थ्यांना फरक कोणीतरी समजावायला हवा ना.

आणि हे नुसतं वर्गीकरण नाहीये हो! गहू-तांदळात कमी पडणारं लायसिन (प्रथिनांतला एक आवश्यक घटक) राजगिऱ्यात चांगलं असतं, कॅल्शियम 100 ग्रॅमला साधारण 160 मिग्रॅ, वर ग्लुटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) नाही. ते ज्यांना चालत नाही अशा सिलिअ‍ॅकच्या पेशंटला महागडा किनोआ लिहून देण्याआधी राजगिऱ्याची भाकरी, थालीपीठ सुचायला पाहिजे. किनोआ वाईट नाहीच, आपल्या चाकवताचाच तो भाऊबंद. प्रॅक्टिकलला राजगिरा, कुट्टू आणि किनोआ, तिन्ही बिया समोर ठेवून शिजवायला लावा, किनोआ आधी चोळून धुवायचा, नाहीतर वरच्या थरातल्या सॅपोनिन नावाच्या कडू द्रव्यामुळे कडू लागतो.