मदत हवी आहे: धंदा बसलेल्या भावाला बायबलमधलं काय वाचून दाखवू?

आम्ही मालवणकडचे, मासेमारीवर पोट असलेलं ख्रिस्ती कुटुंब. धाकट्या भावाने कर्ज काढून होडी घेतली. मासळीच लागेना, त्यात इंजिन बसलं, शेवटी होडी विकावी लागली. 1 जून ते 31 जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीत सगळे जाळी दुरुस्त करतात. हा मात्र खळ्यात, म्हणजे अंगणात, फाटक्या जाळ्याकडे पाठ करून बसतो. रविवारी चर्चलाही येत नाही. म्हणतो, देवाने मला टाकलं.

'विश्वास ठेव, सगळं ठीक होईल' असं कोणी त्याला ऐकवलेलं मला नको. कर्ज खरं आहे, त्याचं दुःखही खरं आहे. माझ्या मनात योहान 21 (योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय) आहे. शिष्यांनी रात्रभर जाळी टाकून हाती काही नाही, आणि पहाटे किनाऱ्यावर येशूने निखाऱ्यांवर मासे ठेवलेले, सोबत भाकर. ज्या पेत्र नावाच्या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं, त्याला आधी न्याहारी, प्रश्न नंतर! 1 राजे 19 मध्येही (बायबलमधल्या राजे या पहिल्या पुस्तकाचा 19वा अध्याय) एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; खायला-प्यायला देतो, पुन्हा झोपू देतो. मला स्वतःला या दोन्हींनी फार धीर येतो.

अशा काळातून गेलेल्यांनी कृपया सांगा, कोणता उतारा खरंच आधार झाला? ईयोब, म्हणजे सगळं गमावलेल्या नीतिमान माणसाचं पुस्तक, आत्ताच वाचावं का? आणि घरी प्रार्थना ठेवली तर शेजाऱ्यांना बोलवावं, की आधी आम्ही घरचेच बसावं? त्याला लाजल्यासारखं होऊ नये, एवढं जपायचंय.