मदत हवी आहे: गूगल फॉर्मवरच्या चाचणीत बरोबर उत्तरालाही शून्य गुण

प्रश्न
पुणे, मराठी माध्यम, आठवीचे ५८ विद्यार्थी. 'धाराविद्युत आणि चुंबकत्व' या पाठावर २० गुणांची चाचणी गूगल फॉर्ममध्ये केली. तीन अडचणी:
'विद्युतधारेचे एकक कोणते?' याला 'ॲम्पिअर' लिहिलेल्या बऱ्याच मुलांना शून्य. काही पालकांच्या फोनवर फॉर्म उघडतच नाही, परवानगी मागतो. आणि जुळ्या भावंडांचा फोन एकच असेल तर दुसऱ्याला 'तुम्ही आधीच प्रतिसाद दिला आहे' असं येतं. शुक्रवारी पुन्हा चाचणी घ्यायची आहे.

खडूफळा
फॉर्मला शुद्धलेखन कळत नाही, तो अक्षरं जुळवतो. ॲम्पिअर, ॲम्पियर, अँपिअर ही त्याच्या लेखी तीन वेगळी उत्तरं. त्यातून 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकच तयार अक्षर, किंवा 'अ' अधिक वरचा चंद्र. डोळ्यांना सारखंच दिसतं, पण आतला कोड वेगळा.

उपाय: प्रश्नाखालच्या 'ॲन्सर की'त (बरोबर उत्तरांच्या यादीत) सुचतील तेवढी रूपं एकेका ओळीत टाका आणि 'बाकीची सर्व उत्तरं चूक धरा' या चौकटीतली खूण काढा. उरलेली उत्तरं मग हाताने तपासता येतात: रिस्पॉन्सेस, मग क्वेश्चन. तिथे एकसारखी उत्तरं एकत्र येतात, एकदा बरोबरची खूण केली की त्या सगळ्यांना गुण. गुण लगेच न दाखवता तपासणीनंतर दाखवायचं सेटिंग ठेवा, नाहीतर मुलं आधीच शून्य पाहून बसतात.

खरं तर एककं आणि व्याख्या बहुपर्यायी प्रश्नांतच विचाराव्यात. लिहायला लावायचंच असेल तर वर्णनात पुणेरी पाटी लावा: 'आकडे इंग्रजीत लिहावेत. नंतर तक्रार चालणार नाही.' कीमध्ये इंग्रजी पाच आणि मुलाने लिहिला मराठी पाच, तरी गुण जातो.

घंटा_झाली
परवानगीचं कारण बहुतेक वेळा एकच: फॉर्म शाळेच्या खात्यावरून केलेला असतो आणि तो फक्त संस्थेतल्या खात्यांनाच भरता येतो. शेअरिंगमध्ये रिस्पॉन्डर्सना 'लिंक असलेले कोणीही' करा. जिच्या शेवटी 'एडिट' असतं ती लिंक गेली नाही ना, तेही पाहा. ती तुमच्यापुरती असते.

जुळ्यांसाठी 'एकच प्रतिसाद' बंद करा, तो एका खात्यामागे एकच उत्तर घेतो. ईमेल 'व्हेरिफाइड', म्हणजे लॉग-इन केलेल्या खात्याचाच, न घेता स्वतः टाइप करायचा ठेवा. हजेरी क्रमांक ड्रॉपडाउनमध्ये द्या. ५८ पर्याय हाताने लिहू नका: गूगल शीटमध्ये एका रकान्यात १ ते ५८ भरून कॉपी करा आणि पहिल्या पर्यायात पेस्ट करा, ओळीगणिक पर्याय पडतात. कोणी दोनदा भरलं तर प्रतिसादांची शीट हजेरी क्रमांकाने लावल्यावर लगेच दिसतं.

प्रश्नकर्ती
पर्यायांचा क्रम आपोआप बदलू दिला तर चालेल?

खडूफळा
चालेल, पण 'वरीलपैकी सर्व' असलेल्या प्रश्नाला नको. तो पर्याय सगळ्यात वर जाऊन बसला की 'वरील' कोण?